बॅकअप रोज होतो, पण वेळेला उघडेल का?

रावेर तालुक्यातून एका ताईंनी पत्र लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात असं :

सासरी केळीचा व्यापार आहे. बागा बघून माल घ्यायचा, कापणी करून गाड्या भरायच्या, काही माल बॉक्समध्ये पॅक करून बाहेर पाठवायचा. लग्न होऊन आल्यापासून ऑफिसचा सगळा हिशेब ताईंकडे आहे. शेतकऱ्यांची खाती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, रोजच्या कापणीचं रजिस्टर एक्सेलमध्ये आणि काट्याच्या पावत्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये. जळगावला राहणाऱ्या मावसदिरांनी बॅकअपची सोय लावून दिली आहे. रोज रात्री नऊला सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातं, शिवाय गूगल ड्राइव्हवर चढतं आणि 'बॅकअप यशस्वी' असा मेल येतो. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेर, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं झालं, असं मावसदीर सांगतात.

मध्यंतरी शेजारच्या कृषी केंद्राचा कॉम्प्युटर बंद पडला. बॅकअप त्यांच्याकडेही होता, पण नव्या मशीनवर तो उघडलाच नाही. उधारीच्या नोंदी लोकांना विचारून विचारून पुन्हा लिहाव्या लागल्या. तेव्हापासून नऊचा मेल आला की ताईंना पूर्वीसारखं हायसं वाटत नाही. आपलाही बॅकअप एकदा तपासून बघू, असं त्यांनी घरी म्हटलं. सासरे म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस? तपासायला जाशील आणि आहे ते घालवून बसशील." नवरा म्हणाला, "दादाला काय वाटेल? त्याने एक पैसा न घेता करून दिलंय."

ताई विचारतात, "मी हट्ट धरू की गप्प बसू? आणि तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी बी.कॉम. आहे, कॉम्प्युटरवाली नाही."

---

ताई,

तपासायचंच. गप्प बसू नका. पण हट्ट धरायची वेळ येईल असं मला वाटत नाही. घरातल्या माणसांनी सांगितलेली दोन्ही कारणं रास्त आहेत, आणि त्यांचा मान राखूनच ही तपासणी होऊ शकते.

आधी सासऱ्यांचं घेऊ. "आहे ते घालवून बसशील" ही भीती उगाच नाही. टॅलीत बॅकअप परत भरताना, म्हणजे रिस्टोअर करताना, तो कुठे भरायचा ते ठिकाण द्यावं लागतं. तिथे चालू डेटाचाच फोल्डर राहिला आणि पुढच्या प्रश्नाला घाईत 'होय' म्हटलं गेलं, की आजच्या खात्यांवर कालचा बॅकअप बसतो आणि आज दुपारी लिहिलेल्या नोंदी जातात. तेव्हा त्यांचं म्हणणं आपण पहिला नियम म्हणूनच घेऊ : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तपासणी करायची नाही. दुसरा लॅपटॉप घ्यायचा आणि तिथे उघडून बघायचं. खरी वेळ येईल तेव्हाही ऑफिसचा कॉम्प्युटर हाताशी नसणारच आहे. कृषी केंद्राचं घोडं तिथेच अडलं. बॅकअप होता, पण ज्या मशीनवर घेतला त्या मशीनशिवाय तो उघडतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांना हे त्यांच्याच कामातून सांगता येईल. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आपण पोत्यावर भरवसा ठेवून थेट तिफण जुंपत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. त्यात पोतं बिघडत नाही आणि बियाणं राखून ठेवणाऱ्याचा अपमानही होत नाही. मला वाटतं एवढं त्यांना पुरेसं होईल.

आता तो नऊचा मेल. तुमच्या घरात सगळ्यांनीच गृहीत धरलं आहे की मेलमध्ये 'यशस्वी' आलं म्हणजे बॅकअप चांगला. तो मेल एवढंच सांगतो की ठरलेलं काम ठरल्या वेळी सुरू झालं आणि कुठे न अडता संपलं. कशाची नक्कल झाली, ती पुरी आहे का, ती उघडते का, यातलं काहीही तो सांगत नाही. नेहमी घडणारी गोष्ट अशी : टॅलीची नवी आवृत्ती टाकताना डेटाचं ठिकाण बदलतं, पण बॅकअपला जुनाच पत्ता दिलेला असतो. तो रोज रात्री त्याच जुन्या फोल्डरची इमानेइतबारे नक्कल करतो आणि रोज यशस्वी होतो. आतल्या नोंदी मात्र आवृत्ती बदलली त्या दिवशीच थांबलेल्या असतात. एक्सेलच्या फाइलचंही असं होतं. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा, बॅकअप चालू केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकतात. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, पण मावसदिरांनी लिहून ठेवलेला पत्ता रिकामा झालेला असतो. तुमचं कापणीचं रजिस्टर डेस्कटॉपवर असेल, बहुतेकांचं असतंच, तर हे आधी बघा. तिसरी शक्यता टॅलीची. 'कंपनी', म्हणजे टॅलीतला तुमच्या धंद्याच्या हिशेबाचा संच, उघडी असताना बाहेरून तिचा फोल्डर कॉपी होत असेल, तर अर्धवट लिहिलेल्या फाइलची नक्कल निघू शकते. कापणीच्या दिवसांत रात्री नऊला तुम्ही हिशेब लिहीत बसलेल्या असता का, हे तुम्हालाच ठाऊक.

हे फक्त छोट्या ऑफिसांत घडतं असं नाही. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचाच फोल्डर पुसायला घेतला. लक्षात आलं तेव्हा सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपचे पाच वेगवेगळे मार्ग होते. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. दोन सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो आधीपासूनच अडत होता, आणि 'बॅकअप अडला' असं सांगणारे मेल सर्व्हरने नाकारल्यामुळे कुणाला मिळालेच नव्हते. सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत सापडली, म्हणून कंपनी उभी राहिली. त्या सहा तासांतलं मात्र गेलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. मेल न येणं ही 'सगळं ठीक आहे' याची खूण नाही, आणि मेल येणं ही सुद्धा नाही.

"बॅकअप चालेल का" हा तुमचा प्रश्न थोडा उलगडून बघू. समजा कापणी चालू आहे, गाडी काट्यावर उभी आहे, एक शेतकरी मागच्या मालाचे पैसे घ्यायला आला आहे आणि कॉम्प्युटर सुरू होत नाही. त्या घडीला तुम्हाला काय लागेल? सगळ्यात आधी शेतकऱ्यांची बाकी आणि दिलेली उचल. मग चालू आठवड्याचं कापणीचं रजिस्टर. फोटो आणि जुनी वर्षं दोन दिवसांनी मिळाली तरी गाडी अडत नाही. म्हणजे कोणती गोष्ट किती वेळात परत हवी हे वेगवेगळं आहे, आणि तपासणी त्याच क्रमाने करायची.

दुसरं, बॅकअप रात्री नऊला होतो. संध्याकाळी पाचला डिस्क गेली तर आदल्या रात्रीपर्यंतचंच परत येणार, दिवसभराचं नाही. हे मावसदिरांनी सांगितलंही असेल, पण घरात कुणी त्याचा अर्थ लावला आहे का? अर्थ असा की काट्याच्या कागदी पावत्या त्या रात्रीचा बॅकअप होईपर्यंत फेकायच्या नाहीत, फोटो काढला असला तरी. एका खिळ्याला अडकवून ठेवा. कापणी जोरात असेल तेव्हा दुपारी एकदा हाताने बॅकअप घेतला तर नुकसान अर्ध्या दिवसावर येतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक चुकतात. फोल्डर उघडून फाइली दिसल्या की समाधान मानतात. दिसणं आणि उघडणं यांत फार अंतर आहे.

गाडी भरायची नसेल असा दिवस निवडा. आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एका कागदावर काही आकडे उतरवा : शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि तारीख, ट्रायल बॅलन्सची बेरीज, ज्यांची खाती गुंतागुंतीची आहेत अशा दोन-तीन शेतकऱ्यांची बाकी, रजिस्टरची शेवटची ओळ, फोटोंच्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत. त्यानंतर नव्या नोंदी करू नका. टॅली बंद करा आणि रात्रीचा बॅकअप होऊ द्या. सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर बंदच ठेवा. हार्ड डिस्क नीट काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावा. अट एकच, मावसदिरांना फोन करायचा नाही. जिथे अडाल तिथे थांबा, काय अडलं ते कागदावर लिहा, आणि मग पुढे जा.

पहिली अडचण बहुधा टॅलीचीच येईल. त्या लॅपटॉपवर टॅली नसेल. ते उतरवून घेता येतं. लायसन्स नसलं तरी एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या सोयीत, चालू होतं, पण त्यात तारखांची बंधनं असतात. म्हणून लायसन्सचा सिरीयल नंबर आणि कोणत्या ईमेलवर ते नोंदलं आहे, हे माहीत हवं. आवृत्तीही बघा. नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. मग एक नवा, रिकामा फोल्डर करा, त्याला 'तपासणी' नाव द्या. टॅलीप्राइममध्ये, म्हणजे टॅलीच्या सध्याच्या आवृत्तीत, ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून रिस्टोअर निवडा. 'कुठून' मध्ये हार्ड डिस्कवरचा बॅकअप, 'कुठे' मध्ये हा रिकामा फोल्डर. मावसदिरांनी टॅलीचा बॅकअप न घेता आख्ख्या डेटा फोल्डरचीच नक्कल ठेवली असेल, तर रिस्टोअर चालणार नाही. तो फोल्डर 'तपासणी'त कॉपी करून टॅलीला त्याचा पत्ता द्यावा लागेल. दोन्हींपैकी कोणता प्रकार आहे हे आजवर तुम्हाला माहीत नसेल, तर तेवढं कळणं हीसुद्धा मोठी कमाई आहे.

कंपनी उघडताना पासवर्ड मागेल. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावलेला असेल आणि तो कुणालाच आठवत नसेल, तर तो डेटा परत मिळवायचा मार्ग नाही. ऑफिसमध्ये रोज कंपनी उघडीच असते, त्यामुळे हा पासवर्ड विस्मरणात जायला वेळ लागत नाही.

उघडलं की कागदावरचे आकडे ताडून बघा. ट्रायल बॅलन्स पैशापैशाने जुळला पाहिजे. शेवटची नोंद कालचीच आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या फोल्डरची नक्कल होत असेल तर इथेच पकडलं जाईल. दोन-तीन वर्षांपूर्वीचं एखादं खातंही उघडा. मग एक्सेलचं रजिस्टर. त्यात शेतकऱ्यांची नावं मराठीत असतील आणि ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर दुसऱ्या लॅपटॉपवर त्यांच्या जागी अर्थ न लागणारी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. फाइल बिघडलेली नसते, फक्त त्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. पण गडबडीच्या दिवशी हे कुणाला सुचणार? फॉन्टची फाइलही बॅकअपमध्ये ठेवा, आणि नवी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, लिहायला लागा. फोटोंच्या बाबतीत फाइलींची संख्या जुळवा आणि सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे काही फोटो पूर्ण उघडा, पावतीवरचं वजन वाचता येईल इतके मोठे करून. छोटं चित्र दिसतं आणि मोठं उघडत नाही, असंही होतं.

सुरू केलं तेव्हा घड्याळ बघा, संपल्यावर पुन्हा बघा. वेळ मारे दोन तास लागला तरी हरकत नाही. तो आकडा तुम्हाला माहीत असणं महत्त्वाचं. मग 'तपासणी' फोल्डर पुसून टाका, नाहीतर उद्या कुणीतरी त्यातच नोंदी करत बसेल.

एवढं झालं की हार्ड डिस्क बाजूला ठेवून हेच सगळं गूगल ड्राइव्हवरून करा. इथे वेगळेच प्रश्न निघतील. ते खातं कुणाच्या नावाचं आहे? मावसदिरांच्या असेल, तर नव्या लॅपटॉपवर लॉगिन करताना खात्री करून घेणारा संदेश त्यांच्या मोबाइलवर जाणार. ते प्रवासात असले तर तुमचा बॅकअपही त्यांच्याबरोबर प्रवासात. खातं धंद्याच्या नावाने काढा आणि दुसरा नंबर नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा द्या. फुकट जागा १५ जीबी असते आणि त्यात जीमेल आणि फोटोही येतात. ती भरली की नवीन काही चढत नाही. गावातल्या नेटवर सगळं उतरवायला किती वेळ लागतो तेही तिथेच कळेल. आणि ड्राइव्ह जर फोल्डरशी जोडलेलं असेल, तर ऑफिसमध्ये पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते, कचरापेटीत ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. मार्चअखेरीला एखादं खातं शोधताना कळलं की फाइल जानेवारीतच पुसली गेली होती, तर ड्राइव्ह मदतीला येणार नाही.

यावरून एक घटना सांगावीशी वाटते, तुमच्या धंद्याशी तिचा संबंधही आहे. तुमच्या भागातली केळी मुंबईजवळच्या ज्या जेएनपीटी (आता जेएनपीए) बंदरातून आखातात जाते, तिथलं एक टर्मिनल २७ जून २०१७ ला ठप्प झालं होतं. ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातलं. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने त्या दिवशी कंपनीचे जगभरचे कॉम्प्युटर निकामी केले. कुणाला कुठे प्रवेश आहे ही सगळी व्यवस्था सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची प्रत होता. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकाच वेळी गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यातून बाहेर पडला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने पुढचं सगळं उभं केलं.

रोज रात्री आपोआप बॅकअप होतो, म्हणजे तुमची हार्ड डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरला लावलेली असणार. तीन प्रतींचा जो नियम मावसदिरांनी सांगितला तो चांगलाच आहे, पण खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो लावलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो, आणि ड्राइव्ह त्या कुलूपबंद फाइलीच वर चढवायला लागतं. तीन प्रती मोजायला तीन, पण तिन्ही एका धाग्याला बांधलेल्या. म्हणून आणखी एक हार्ड डिस्क घ्या. आठवड्याला एकदा लावायची, बॅकअप घ्यायचा, नीट काढायची आणि ऑफिसमध्ये न ठेवता घरच्या कपाटात ठेवायची. माझ्या मते तुमच्या व्यवस्थेत उणीव असेल तर ती ही आहे, आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोग याच डिस्कचा होईल.

ती घेताना रस्त्यावर फार स्वस्तात मिळणाऱ्या '२ टीबी'च्या पेन ड्राइव्हच्या नादी लागू नका. त्यांत बऱ्याचदा आत जागा थोडी असते आणि कॉम्प्युटरला मोठा आकडा दाखवला जातो. फाइली चढतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन संपूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतं. आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधलं टेबलाचं खण त्याहून तापतं. पेन ड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. उष्ण जागी, वीज न मिळता पडून राहिल्या तर तो भार लवकर ओसरतो. बॅकअप घरात, सावलीच्या भिंतीच्या कपाटात ठेवा. आणि नऊला लाइट जाण्याची सवय असेल, तर यूपीएसवर कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क दोन्ही आहेत ना, ते बघा.

राहिलं मावसदिरांचं. नवऱ्याला वाटतं की तपासणी म्हणजे अविश्वास. पण ताई, ज्याने व्यवस्था लावली त्याला तिच्यातल्या या उणिवा दिसणं सगळ्यात कठीण असतं, आणि त्याचं कारण त्याच्या हुशारीतच आहे. पासवर्ड त्यांच्या डोक्यात आहेत, लॉगिन त्यांच्या मोबाइलवर आहे, कोणता फोल्डर कुठे हे त्यांना पाठ आहे. त्यांनी स्वतः तपासलं तर सगळं चालेल. ते नसताना चालतं का, हे फक्त तुम्हीच बघू शकता. आणि ते त्यांना सरळ सांगता येतं : "दादा, तुम्ही एवढं करून दिलंत. पण तुम्ही बाहेरगावी असताना कॉम्प्युटर गेला, तर आम्हाला एकट्याने निभावता यायला हवं. मी एकदा करून बघते, तुम्ही शेजारी बसा, अडले तरी सांगू नका. शेवटी काय चुकलं ते सांगा." ज्याला घरच्या धंद्याची काळजी आहे म्हणून त्याने एक पैसा न घेता काम केलं, तो माणूस याने दुखावेल असं मला वाटत नाही. उलट दर वेळी आपल्यालाच फोन येणार या ओझ्यातून तो सुटेल. अडचणी निघाल्याच, आणि पहिल्या वेळी त्या निघतातच, तर घरात सांगताना "दादांचं चुकलं" असं येऊ देऊ नका. कागदावरच्या अडचणी घेऊन दोघं मिळून बसा.

पण मग तोच प्रश्न तुमच्याबाबतही येतो. आखाजीला तुम्ही माहेरी जाता ना? त्या दिवसांत कॉम्प्युटर गेला तर? म्हणून तपासणीत लिहिलेला कागद नीट करून घ्या : काय कुठे आहे, कोणत्या क्रमाने उघडायचं, टॅलीचा सिरीयल नंबर, कोणतं ईमेल. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, बंद करून, जुन्या चोपड्या ठेवतात त्या कपाटात. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल, नव्या लॅपटॉपवर हे आपोआपही होतं, तर ते कुलूप उघडणारी बिटलॉकरची ४८ आकडी 'रिकव्हरी की' त्याच पाकिटात. कॉम्प्युटरमध्येच फाइल करून हे सगळं ठेवू नका. मग तो कागद नवऱ्याच्या हातात द्या आणि त्यांना एकदा करू द्या. ते जिथे अडतील तिथे कागदात ओळ कमी आहे असं समजा.

जळगावचे डाळ मिलवाले, धरणगाव-बोदवडकडचे जिनिंगवाले, सराफ, गावोगावच्या पतसंस्था, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. ज्यांना जीएसटी लागू आहे त्यांनी एक जास्तीचं बघायचं. कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे कालचा बॅकअप उघडला एवढ्यावर भागत नाही, सहा वर्षांपूर्वीचा डेटा आजच्या मशीनवर उघडतो का तेही बघावं लागतं. ज्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर एखाद्या ओळखीच्या मुलाने करून दिलेलं आहे, त्यांनी निदान सगळी खाती एक्सेलमध्ये काढून ठेवावीत. ते सॉफ्टवेअर कधी चाललं नाही तरी आकडे वाचता येतील.

एकदा तपासून कायमचं सुटता येत नाही. टॅलीची आवृत्ती बदलली, कॉम्प्युटर किंवा डिस्क बदलली, पासवर्ड बदलला, की पुन्हा एकदा करायचं. तसं काही झालं नाही तरी ३१ मार्चनंतर, नवं वर्ष सुरू होताना, आणि दिवाळीच्या आधी. मधल्या काळात महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवरच्या बॅकअपचा आकार बघा. तो हळूहळू वाढत जायला हवा. आठवडेच्या आठवडे तेवढाच राहिला किंवा एकदम निम्मा झाला, तर त्याच दिवशी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा, मेलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

पहिल्या तपासणीत कुठे अडलात आणि मावसदिरांनाही उलगडा झाला नाही, तर पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून पाठवा. टॅलीची आवृत्ती आणि बॅकअप कोणत्या प्रकारचा आहे तेही लिहा, म्हणजे पुढच्या अंकात त्यावर नेमकं सांगता येईल.